दम

सोपस्टोनला पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि गाडीतला काटा उणे 19 दाखवत होता. यूटा राज्यातल्या कामस गावातून मिरर लेक हायवे युइंटा पर्वतात चढतो. हिवाळ्यात त्याच्या वरच्या भागातला बर्फ कुणी काढत नाही. सोपस्टोनपाशी डांबर संपतं आणि पुढे तोच रस्ता माणसाच्या छातीइतक्या बर्फाखाली उन्हाळा यायची वाट बघत पडून राहतो. त्या बर्फावरून यंत्र फिरवून तो दाबून सपाट केलेला असतो. त्यावरून स्नोमोबाइलने वर जायचं, आणि मग रस्ता सोडून मोकळ्या, भुसभुशीत बर्फात शिरायचं, हा आमचा शनिवार.

मित्राने ट्रेलरवरून त्याचं धूड खाली घेतलं, बटण दाबलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि लगेच शहाण्या मुलासारखं एका सुरात चालायला लागलं. तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, टर्बो. मी माझ्या टू-स्ट्रोकपुढे एक पाय रोवून दोरी ओढत होतो. एकदा. दोनदा. तिसऱ्या झटक्याला तो खोकला, थरथरला, आणि मागून निळसर धुराचा एक लोट सोडून जागा झाला. मित्राने नाकापुढे हात हलवला. तो दर वेळी हलवतो.

मी मात्र तिथेच उभा राहतो. उणे 19 अंशांत सगळे वास गोठलेले असतात. झाडांना वास नसतो, बर्फाला नसतो, स्वतःच्या घामालाही नसतो. त्या कोऱ्या हवेत जळक्या ऑइलचा तो वास आला, की मी थेट पुण्यातल्या आमच्या बोळात, बाबांच्या चेतकमागे उभा असतो. एका हातात डबा, पाठीवर दप्तर, आणि बाबा स्कूटर डाव्या अंगाला कलती करून पेट्रोल कार्बोरेटरकडे आणायच्या प्रयत्नात. हा वास चांगला नाही हे मला माहीत आहे. तो आवडणं हे काही समर्थन नव्हे. पण आवडतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी जे लिहिणार आहे, त्यातलं किती त्या वासामुळे आहे हे वाचणाऱ्याने ठरवावं.

पंधरा वर्षं मी या डोंगरांत टू-स्ट्रोक चालवतोय आणि पंधरा वर्षं एकच वाद ऐकतोय: डोंगरासाठी कोणतं इंजिन खरं? वाद पुण्यात व्हायचे तसेच होतात. आमच्याकडे चेतक की व्हेस्पा, आरएक्स 100 की बुलेट, यावर माणसं चहाचे कप गार होईपर्यंत भांडायची. इथे कॉफीचे होतात, इतकाच फरक.

ज्यांना या यंत्रांशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे दोन स्की, मागे एक लांब रबरी पट्टा. डोंगरातल्या स्नोमोबाइलचा हा पट्टा एकूण साधारण चार मीटर लांबीचा असतो, आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीची रबरी वल्ही असतात. ती बर्फ मागे लोटतात आणि यंत्र पुढे जातं. खरं तर पोहतं. गिअर नसतात. दोन पुली आणि मधे एक बेल्ट, वेग वाढेल तशी एक पुली मिटते आणि दुसरी उघडते. कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली आहे त्यांना नवीन काहीच सांगायला नको. त्या स्कूटरचा व्हेरिएटर आणि दीडशे हॉर्सपॉवरच्या स्नोमोबाइलचा क्लच ही सख्खी भावंडं आहेत. पहिल्यांदा झाकण उघडून बघितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. एवढा सातासमुद्रापलीकडे येऊन शेवटी आपल्या कायनेटिकचाच माल.

टू-स्ट्रोक इंजिन दर फेरीला एकदा पेट घेतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून तेवढ्याच आकाराचं टू-स्ट्रोक जास्त ताकद देतं. त्याला झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, खाली ऑइलचं भांडं नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. हलकं, साधं, तापट. त्याची गोम अशी, की जळलेला वायू बाहेर जाताना आणि नवं मिश्रण आत येताना दोन्ही दारं काही क्षण एकदमच उघडी असतात. पाहुणा आत येतो आणि मागच्या दाराने तसाच निघून जातो. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांत अशा रीतीने बरंच पेट्रोल न जळताच धुराड्यातून जायचं, आणि वर जळकं ऑइल. आमच्या बोळातला तो वास म्हणजे बाबांच्या पगारातला एक हिस्सा हवेत चालला होता. नव्या टू-स्ट्रोकमध्ये संगणक दार बंद होता होता थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतो, त्यामुळे हे नुकसान खूपच कमी झालं आहे. तरीही मित्र हात हलवायचा थांबलेला नाही.

डोंगरात गेल्यावर या गणितात उंची शिरते. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याला लागते ती हवा. पेट्रोल नुसतं सोबत जातं. मिरर लेक हायवेवरची बाल्ड माउंटन खिंड 3,266 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. साधा हिशेब असा, की दर 1,000 फुटांना बिनटर्बोचं इंजिन 3 टक्के ताकद गमावतं. कागदावर माझं इंजिन 165 हॉर्सपॉवरचं आहे; खिंडीत ते 115 च्या आसपासचं उरतं. पन्नास घोडे खालीच ट्रेलरपाशी थांबतात. इंजिनाला दम लागतो, दुसरा शब्द नाही.

टर्बो या दुखण्यावरचं औषध. बाहेर जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची विरळ हवा दाबून आत कोंबतं. इंजिनाला आपण डोंगरावर आहोत हे कळतच नाही. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरची, पेटंट 1905 चं. पण मला जास्त आवडते ती 1918 ची गोष्ट. पहिल्या महायुद्धात विमानं उंच गेली की त्यांची इंजिनं मरगळायची. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या 4,300 मीटर उंच माथ्यावर नेलं. खाली 350 हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वर टर्बोशिवाय 230 च देत होतं. टर्बो जोडल्यावर 356. खाली होती त्याहून जास्त! मला नेहमी वाटतं, त्या दिवशी माथ्यावर उभी असलेली माणसं स्वतः मात्र धापा टाकत असणार. आकडे लिहून घेणाऱ्याला कुणी टर्बो जोडला नव्हता.

तर फोर-स्ट्रोक आणि टर्बो यांचं लग्न सोपं. खाली ऑइलचं भांडं असतंच, त्यातून टर्बोच्या बेअरिंगलाही ऑइल मिळतं. झडपा वेळेवर बंद होतात, त्यामुळे कोंबलेली हवा आतच राहते. यामाहाचं 2017 चं साइडवाइंडर आणि आर्क्टिक कॅटची त्याच इंजिनाची यंत्रं, 998 सीसी, तीन सिलिंडर, दोनशेच्या घरातली ताकद, ही या लग्नाची सगळ्यात गाजलेली लेकरं. त्यावर बसून वर जाणं म्हणजे काय, ते मित्राने मला एकदा अनुभवायला दिलं. अंगठ्याने खटका दाबला की ना ओरड, ना किंचाळणं. फक्त डोंगर पाठीमागे जायला लागतो. पेट्रोल मात्र भारी लागतं. इथल्या उंचीवर पंपावर साधं म्हणून 85 ऑक्टेनचं मिळतं. मित्र 91 च्या नळाशी उभा राहतो आणि आकडा फिरताना दुसरीकडे बघतो. शिवाय हे इंजिन टिकतं. अशी वीस-वीस हजार मैल चाललेली यंत्रं मी पाहिली आहेत. टू-स्ट्रोकवाल्याला काही हजार मैलांनंतर पिस्टन बदलायची मनाची तयारी ठेवावी लागते. खिशाचीही.

मग वाद कसला? घेऊन टाकायचं ना.

त्या उणे 19 च्या सकाळी अकराच्या सुमारास, साधारण 3,100 मीटरवर, झाडी विरळ होते तिथल्या एका ओढ्यापाशी याचं उत्तर मिळालं. मी पुढे होतो. आडव्या उतारावर यंत्र डोंगराच्या बाजूला कलतं करून, एकाच स्कीवर तोललं की ते सरळ रेषेत जातं. हे जमायला मला तीन हिवाळे लागले. मित्र मागून आला. फोर-स्ट्रोकचं वजन माझ्या यंत्रापेक्षा पन्नासेक किलोंनी जास्त, आणि ते बरंचसं पुढे, स्कींवर. त्याने क्षणभर अंगठा सैल सोडला. टू-स्ट्रोकमध्ये अंगठा सोडला की यंत्र तरंगत थोडं पुढे जातं; फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनच ब्रेक लावतं. उतरताना हा गुण सोन्यासारखा, मोकळ्या बर्फात मात्र घातक. यंत्र जागच्या जागी बसलं, नाक ओढ्याकडे वळलं, आणि म्हैस डबक्यात शिरावी तसं ते हळूच, समाधानाने आत गेलं.

पहिली दहा मिनिटं आम्ही हसत होतो. फोटोही काढले.

मग फावडी काढली. बर्फ खोदणं म्हणजे माती खोदणं नव्हे. जेवढा बाहेर काढावा तेवढा बाजूने आत येतो. यंत्राभोवती खड्डा करायचा, पट्ट्याखालचा बर्फ मोकळा करायचा, पुढे पायांनी तुडवून उतरंड बनवायची, दोघांनी मिळून मागची बाजू उचलून सरकवायची. माझं यंत्र असतं तर ही उचल आम्हा दोघांच्या आवाक्यातली होती. याची मागची बाजू कशीबशी हलायची. पुढची हलता हलेना. दर पाच फावड्यांनंतर मला थांबावं लागत होतं. तोंडाने श्वास घेत, गुडघ्यावर हात ठेवून, कानांत ठोके मोजत. ज्या हवेत माझं इंजिन पन्नास घोडे गमावतं, त्याच हवेत मी खोदत होतो. दोनशे हॉर्सपॉवरचा टर्बो शेजारी बंद पडून होता आणि सगळं काम दोन पन्नाशीच्या माणसांच्या बिनटर्बो फुप्फुसांवर चाललं होतं. सव्वा तास लागला.

मधेच मित्र फावड्यावर टेकून म्हणाला, “जरा थांबू या.” आणि मला पसरणीचा घाट आठवला.

मे महिना. पुण्याहून पाचगणीला मावशीकडे. चेतकवर आम्ही चौघं: पुढे मी उभा, मग बाबा, मग आई, तिच्या मांडीवर ताई, आणि पायाशी आंब्यांची पिशवी. वाईपर्यंत स्कूटर गाणं म्हणत यायची. घाट लागला की तिसरा, मग दुसरा, आणि मधल्या कुठल्यातरी वळणावर दुसऱ्यातही ती रडकुंडीला यायची. 145 सीसीचा तो जीव. पंख्याच्या हवेवर थंड होणारा. वर मे महिन्याचं ऊन. बाबा कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. आई आणि ताईला म्हणायचे, “तुम्ही दोघी एवढं वळण चालत या.” मी विचारलं, “बाबा, पेट्रोल संपलं का?” तर म्हणाले, “नाही रे, गाडीला जरा दम खाऊ दे.”

दगडावर बसून आम्ही खाली कृष्णेचं खोरं बघायचो. तिथे हवा काही विरळ नव्हती. पाचगणी म्हणजे उणेपुरे तेराशे मीटर. ते ओझं आणि उष्णता यांचं दुखणं होतं. पण बाबांचा इलाज अचूक होता: ओझं कमी करा आणि थांबा. त्यांनी मोठी गाडी घेईन असं कधी म्हटलं नाही. परवडलीही नसती म्हणा.

दम हा आपला मोठा गमतीदार शब्द आहे. इंजिनाला दम असतो, त्याला दम लागतो, त्याने दम खावा लागतो. आपण दम धरायचा असतो. आणि ऐकलं नाही तर कुणीतरी दम देतो. ओढ्यातल्या त्या सव्वा तासात यातले पहिले चार झाले. पाचव्याचा प्रसंग दुसऱ्या हिवाळ्यात आला. पण त्याआधी थोडं मागे जातो, कारण ही यंत्रं मुळात खेळायला बनवलीच नव्हती.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात वाल्कूर नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा गॅरेजवाला बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवायच्या नादात होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद. इस्पितळापर्यंत पोचता आलं नाही, आणि मूल गेलं. पुढे त्याने बनवलेल्या मोठ्या, बंद डब्याच्या बर्फगाड्यांतून डॉक्टर जायचे, टपाल जायचं, शाळेची मुलं जायची. एका माणसाने स्वार व्हायचं हलकं यंत्र, स्की-डू, 1959 मध्ये आलं. आणि गंमत म्हणजे त्या पहिल्या यंत्रात 7 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं! हलकेपणापायी टू-स्ट्रोक नंतर आलं. वादात मी हा मुद्दा सहसा काढत नाही. मित्राला उगाच बळ मिळतं.

त्याला बळ देणारी आणखी एक जागा म्हणजे यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान. नव्वदीच्या दशकात वेस्ट यलोस्टोनच्या फाटकातून हिवाळ्यात दिवसाला शेकडो टू-स्ट्रोक आत जायच्या. थंड, जड हवेत धूर तिथेच साचून राहायचा. फाटकावर तिकिटं देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तोंडावर श्वसनाचे मुखवटे लावल्याचे फोटो तेव्हा देशभर छापून आले. बंदी, कोर्टकचेऱ्या, पुन्हा परवानगी अशी बरीच वर्षं गेली, आणि शेवटी धूर आणि आवाज दोन्हींची मर्यादा पाळणारी यंत्रंच आत सोडायचं ठरलं. म्हणजे व्यवहारात फोर-स्ट्रोक. मी तिथे भाड्याच्या फोर-स्ट्रोकवरूनच फिरलो आहे. गव्यांचा कळप रस्त्यातून चालला होता, अंगावर पहाटेचं दव गोठलेलं. इंजिन इतकं हळू चालत होतं की त्यांचे श्वास ऐकू येत होते. तिथे, त्या दाबलेल्या सपाट रस्त्यावर, माझा आवडता वास एक गुन्हा ठरला असता, आणि रास्तच.

मला पटलेलं असं: लांब अंतर, सपाट वाट, जोडीने प्रवास, वर्षानुवर्षं वापर, यासाठी फोर-स्ट्रोक. झाडांमधून, ओढ्यांतून, भुसभुशीत बर्फात, एकट्याच्या अंगमेहनतीवर, यासाठी टू-स्ट्रोक. एक इंजिन मोडतं, दुसरं रुततं. कुठलं दुखणं आपल्याला झेपतं ते बघायचं. मी हे सगळ्यांना सांगत असे, आणि त्यात माझा शहाणपणाचा तोरा असे.

मग कारखान्यांनीच टू-स्ट्रोकला टर्बो लावला आणि माझा तोरा निकालात निघाला.

हे अवघड होतं. टू-स्ट्रोकची दोन्ही दारं एकदम उघडी असतात हे वर सांगितलंच. दाबून हवा भरली की ती मागच्या दाराने सरळ निघून जाणार. ती अडवायला टू-स्ट्रोकचा तो फुगलेल्या पोटाचा सायलेन्सर-पाइप असतो. त्यातून परत येणारी दाबाची लाट निसटणाऱ्या मिश्रणाला पुन्हा आत ढकलते. त्याच वाटेवर टर्बोचं चाक बसवलं की लाटेचा ताल बिघडू शकतो. ऑइलचं भांडं नसल्यामुळे टर्बोच्या बेअरिंगला ऑइल कुठून द्यायचं हाही प्रश्न. हौशी लोक बाहेरून किट लावायचे आणि वितळलेले पिस्टन आठवण म्हणून कपाटात ठेवायचे. स्की-डूने 2020 च्या मॉडेलमध्ये 850 सीसीच्या टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो दिला: 165 हॉर्सपॉवर, आणि ती 8,000 फुटांपर्यंत तशीच. 2022 च्या मॉडेलात पोलारिसनेही दिला. हलकेपणा टू-स्ट्रोकचा, दम टर्बोचा. आणि 2023 मध्ये यामाहाने जाहीर केलं, की 2025 च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बनवणं बंद. ज्यांनी 1968 पासून ही यंत्रं बनवली आणि फोर-स्ट्रोकचा झेंडा सगळ्यात उंच धरला, तेच मैदान सोडून निघाले. बातमी वाचून मित्राने मला फोन केला. मी जिंकल्यासारखं बोलायला हवं होतं, पण तसं वाटेना. त्याच्या आवाजात बंद झालेल्या लुनाचे सुटे भाग शोधणाऱ्या माणसाचा आवाज होता.

पुढच्या फेब्रुवारीत मी एक दिवस टर्बोवालं टू-स्ट्रोक भाड्याने घेतलं. घ्यायचंच होतं विकत, म्हणून आधी चालवून बघायचं.

इथे युइंटाच्या बर्फाबद्दल सांगायला हवं. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रांगा उत्तर-दक्षिण. ही एक पूर्व-पश्चिम पसरलेली. थंड, उंच, आणि हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ. त्या पातळ थरातले कण थंडीने बदलतात, एकमेकांना चिकटायचे सोडून रवाळ साखरेसारखे सुटे होतात. मग जानेवारीत त्यावर तीन-चार फूट नवा बर्फ बसतो. म्हणजे साखरेवर फरशी घातली. फरशीवर कुणी पाय दिला, की कधी काही होत नाही, आणि कधी सगळा उतारच निघून खाली येतो. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, आणि नेमका तोच उतार स्नोमोबाइलवाल्याला सगळ्यात देखणा वाटतो. आम्ही सगळे छातीवर बीकन बांधतो, म्हणजे गाडलं गेल्यावर आपला ठावठिकाणा सांगणारं छोटं यंत्र, आणि पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून माणूस शोधायची जोडसळई नेतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर आशा असते. नंतर ती झपाट्याने उतरते. नियम साधे आहेत. उतारावर एका वेळी एकच. कुणी वर रुतला तर मदतीला जायचं नाही, खाली सुरक्षित जागी थांबून बघत राहायचं. हा दुसरा नियम पाळणं किती जड जातं, हे मराठी माणसाला सांगायला नको; कुणाची गाडी बंद पडली की धक्का द्यायला धावणारी आपली जात.

त्या दिवशी हिमस्खलनाच्या इशाऱ्याचं पत्रक वाचलं होतं. उत्तर आणि पूर्वेकडचे उंच उतार टाळा, जुना रवाळ थर अजून जिवंत आहे. मी ते वाचलं होतं, मित्राला मोठ्याने वाचून दाखवलंही होतं.

दुपारी एका वाटीसारख्या दरीपाशी आलो. ही वाटी मी दहा वर्षं ओळखतो. माझं जुनं यंत्र तिच्या एक तृतीयांशावर दमतं. आवाज खाली येतो, पट्टा खणायला लागतो, आणि मी वळून खाली येतो. मी तिथून का वळतो असं कुणी विचारलं असतं तर मी बर्फाचा अभ्यास, उताराचा कोन, अनुभव वगैरे सांगितलं असतं. मलाही ते खरं वाटायचं. त्या दिवशी मी अंगठा दाबला आणि यंत्र चढलं. जिथे वळायचो ती जागा गेली. आवाज खाली आला नाही. एक झाड, ज्याचा मी नेहमी फक्त शेंडा बघायचो, ते शेजारून खाली गेलं. मग लक्षात आलं, की उताराने माझ्या डाव्या हाताला भिंतीसारखं रूप घेतलंय, वर कड्यावर वाऱ्याने साठवलेल्या बर्फाची पाळ लोंबतेय, आणि मी पूर्वेकडच्या उताराच्या मध्यावर आहे. इथे यायचं मी ठरवलंच नव्हतं. इतकी वर्षं ते ठरवणारा कुणी दुसराच होता. एक दमलेलं इंजिन मला तिथून परत आणत होतं आणि मी त्याला स्वतःचं शहाणपण समजत होतो.

मी वळलो. काही झालं नाही. फरशी जागेवरच राहिली. खाली झाडांशी आलो तेव्हा मित्र त्याच्या धुडावर उभा होता, हेल्मेट काढून. तो सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला, आणि त्याने जे काही ऐकवलं त्याला आपल्याकडे दम देणं म्हणतात. मी एका शब्दाने उलटून बोललो नाही. हातमोजे काढले, तर बोटं थरथरत होती, आणि छाती अशी वरखाली होत होती जणू सव्वा तास फावडं मारून आलोय. खरं तर अंगठ्याशिवाय काहीच हललं नव्हतं.

यंत्र संध्याकाळी परत केलं. दुकानातल्या मुलाने विचारलं, “कसं वाटलं?” मी म्हटलं, “फार छान.” खोटं नव्हतं ते.

विकत घेईनही कदाचित. गुडघे पन्नास किलो जास्तीचं वजन उचलू देणार नाहीत, हे त्या ओढ्यात ठरलंच आहे. जुन्या यंत्राचा पिस्टन या उन्हाळ्यात बदलायला झालाय. बायकोचं म्हणणं, दोन्ही विकून टाक आणि स्कीइंग शीक, लिफ्टने वर जाता येतं. मुलगी म्हणते, इलेक्ट्रिक येईपर्यंत थांब.

रविवारी बाबांना व्हिडिओवर यंत्र दाखवत होतो. ते आता शहाऐंशीचे. ऐकायला कमी येतं, पण इंजिनाचा विषय निघाला की बरोबर ऐकू येतं. मी हुड उघडून कॅमेरा आत धरला.

“टू-स्ट्रोक ना रे? मग ऑइल किती घालतोस लिटरला?”

“मिसळत नाही बाबा आता. वेगळी टाकी असते. लागेल तेवढं ते आपोआप घेतं.”

“आपोआप?” त्यांनी ते थोडा वेळ मनात घोळवलं. मागे आई कुणाला तरी दाराची कडी लावायला सांगत होती. “आणि चढाला? दमतं का?”

“हे जुनं दमतं,” मी म्हटलं. “नवं येतंय, ते दमत नाही.”

“अरे वा,” बाबा म्हणाले. मग चष्मा वर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ आले, इतके की मला फक्त कपाळ दिसायला लागलं. “मग तुम्ही थांबता कुठे?”

मी हुड लावून टाकलं आणि त्यांना म्हटलं, आईला द्या जरा फोन.